होळीनंतर उघडणारा तडा : काळ्या मातीवरच्या घराची भिंत कशी तपासावी, कशी दुरुस्त करावी

तुम्ही कळवलंय त्यातलं महत्त्वाचं आधी मांडतो. परभणीत, पूर्वी कापूस निघायचा अशा शेतातल्या लेआउटमध्ये, वडिलांनी २०११ साली बांधलेलं तळमजल्याचं घर. कॉलम नाहीत, नऊ इंची विटांच्या भिंतींवर सरळ स्लॅब. नैर्ऋत्येच्या खोलीत खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून निघून घराच्या कोपऱ्याकडे चढत जाणारा तिरका तडा, वर तीन मिलिमीटर आणि खाली जेमतेम केसाएवढा. दोनदा पुट्टी भरून रंग दिला, दोन्ही वेळा होळीनंतर परत उघडला. शिवाय स्लॅबच्या लगेच खाली, भिंतीच्या माथ्यावर, एक आडवी भेग. ठेकेदार म्हणतो, चार कोपऱ्यांत कॉलम टाकू. आईंना नैर्ऋत्य कोपरा म्हणून वास्तुदोषाची धास्ती. धाकट्या भावाला वर मजला चढवायचाय. आणि तुमचा प्रश्न असा, की घर राहण्याजोगं आहे का आणि पैसे नेमके कशावर घालायचे.

घर राहण्याजोगं आहे. पैसे मात्र भिंतीवर घालायच्या आधी जमिनीवर घालायचे आहेत. तुमच्या घराला दोन वेगळी दुखणी आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही, म्हणून दोन्ही वेगळी घेतो.

पहिल्यांदा हे पाहा की जे दिसतंय ते गिलाव्यापुरतं आहे की भिंतीत गेलंय. बोटाच्या पेराने किंवा थापीच्या मुठीने भेगेच्या दोन्ही बाजूंना ठोका. डब्यासारखा पोकळ आवाज आला तर गिलावा विटांपासून सुटलाय. भरीव आवाज आला तर भेगेवरचा एक फूट बाय एक फूट गिलावा काढून विटा उघड्या करा. एवढं धाडस बहुतेक घरमालक करत नाहीत आणि ठेकेदारही करत नाही, पण याशिवाय सगळं बोलणं अंदाजाचं. खोलीच्या आत आणि घराच्या बाहेर एकाच जागी भेग दिसत असेल तर ती आरपार आहे असंच धरा. तुमच्या वर्णनावरून तिरका तडा आरपार आहे.

विटा उघड्या झाल्या की बॅटरी तिरकी धरून आत बघा. जुना तडा आतून काळवंडलेला असतो, त्यात आधीच्या रंगाचे ओघळ असतात, कधी कोळ्याचं जाळं असतं. ताज्या तड्याची कड लाल आणि धारदार असते, बोट फिरवलं की विटेचा चुरा निघतो. तडा सांध्यासांध्यातून पायऱ्यांसारखा चढलाय की विटा फोडून सरळ गेलाय, तेही पाहा. सांध्यातून गेला असेल तर माल विटेपेक्षा कमजोर होता, भिंतीने हळूहळू जागा दिली, आणि दुरुस्ती सोपी. विटाच फुटल्या असतील तर बहुधा माल फार कडक होता किंवा हालचाल झटक्यात झाली. रुंदी मोजायला एटीएम कार्ड घ्या, त्याची जाडी पाऊण मिलिमीटर असते. एक कार्ड जात नाही अशी भेग रंगाच्या वेळी बघता येते. सहा-सात कार्डं एकत्र बसतात, म्हणजे पाच मिलिमीटरच्या आसपास, आणि तडा आरपार आहे, तर इंजिनिअरला घरी बोलवावंच.

आता तिरपेपणा. गवंडी लोक तड्याची लांबी बघतात, मी दिशा बघतो. विटांची भिंत दाबाला बळकट आणि ताणाला अगदी दुबळी. पायाचा एक भाग खाली बसला की भिंत उरलेल्या भागावर कमानीसारखी तोल धरते आणि तडा त्या कमानीच्या रेषेत जातो. म्हणून तडा चढत चढत ज्या बाजूला जातो, ती बाजू खाली गेलेली असते. घराचा मधला भाग खचला तर दोन तडे उलट्या व्हीसारखे मध्याकडे चढतात आणि तळाशी रुंद असतात. कोपरा खचला तर तडा कोपऱ्याकडे चढतो आणि माथ्याशी रुंद असतो. तुमचा तडा दुसऱ्या प्रकारचा, अगदी पुस्तकात काढावा तसा. तुमचा नैर्ऋत्य कोपरा उन्हाळ्यात खाली जातो आणि पावसाळ्यात परत थोडा वर येतो.

आईंना हे जरूर सांगा : नैर्ऋत्य कोपऱ्यावर दुपारभराचं ऊन पडतं, त्यामुळे तिथली माती घराच्या इतर बाजूंपेक्षा लवकर आणि खोलवर वाळते. माझ्या पाहण्यात आलेली अशी बरीच घरं याच कोपऱ्यात उघडलेली होती. दोष तिथल्या ओलाव्याचा आहे आणि तो सुधारता येतो.

आपली काळी माती बेसाल्ट झिजून झालेली. तिच्यातलं माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आक्रसतं. कापसाला जी माती देवासारखी, तीच भिंतीला जाच. वरचे काही फूट दर वर्षी श्वास घेतात : आषाढात वर, वैशाखात खाली. सगळं घर एकसारखं वरखाली झालं असतं तर एकही तडा गेला नसता. पण घराच्या पोटाखालची माती ऊन-पावसापासून झाकलेली, तिचा ओलावा फारसा बदलत नाही. कडांखालची माती मात्र उघडी. मधला भाग जागच्या जागी आणि कोपरे झुलतात, म्हणून तडा.

हे मला सगळ्यात स्पष्ट समजलं ते जिंतूर रस्त्याच्या बाजूला एका निवृत्त शिक्षकांच्या घरी. मे महिना होता. तीन वर्षांत तीन गवंड्यांनी एकच तडा बुजवला होता, शेवटच्याने तर एकास तीन मालाने, म्हणजे एक भाग सिमेंटला तीनच भाग वाळू. मी भिंतीकडे पाहिलंच नाही, जोत्याच्या कडेने वाकून चालत गेलो. पश्चिमेच्या कोपऱ्याला जोतं आणि जमीन यांच्यात बोटभर फट पडली होती. अंगणात तुराटीचा भारा होता, त्यातली एक काठी ओढून फटीत सोडली. दोन हात आत गेली तरी टेकली नाही. गुरुजी बघतच राहिले. त्याच भिंतीच्या दुसऱ्या टोकाला धुण्याचा दगड होता, तिथलं पाणी वर्षभर जोत्यालगत जिरत होतं आणि आळू तरारून आला होता. एका भिंतीचं एक टोक कायम ओलं आणि दुसरं टोक तुराटी गिळणारं. भिंतीने मध्ये फाटायचं नाही तर काय करायचं? आम्ही धुण्याची जागा हलवली, जोत्याभोवती पाच फुटांची फरसबंदी केली, गच्चीचे नळ लांब काढले. भिंतीला त्या वर्षी हात लावला नाही. पुढच्या मेमध्ये जो तडा चार मिलिमीटर उघडायचा तो एकवर आला होता, आणि मग कुठे आम्ही तो शिवला.

तुम्हीही हेच करा. आधी वर्षभर तडा वाचा. दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारून तारीख लिहा, टोक पुढे सरकलं की कळेल. मग तड्याच्या दोन्ही बाजूंना उघड्या विटेत एकेक छोटा स्क्रू बसवा, साधारण चार इंचांच्या अंतराने, आणि व्हर्निअर कॅलिपरने दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सातला अंतर मोजा. वेळ एकच ठेवायची, कारण दुपारी भिंत तापून माप बदलतं. शाळेच्या प्रयोगशाळेत असते तशी काचेची स्लाइड तड्यावर आडवी ठेवून दोन टोकांना एपॉक्सीने चिकटवता येते. ती तडकली म्हणजे हालचाल चालू आहे. पण ती विटेवर चिकटवा, गिलाव्यावर नको, नाहीतर गिलाव्याचं दुखणं विटेच्या माथी बसतं. वहीत मापाशेजारी त्या महिन्यात पाऊस किती दिवस झाला तेही लिहून ठेवा. माप मेमध्ये वाढून सप्टेंबरात घटलं तर माती श्वास घेतेय. दर महिन्याला वाढतच गेलं, एकदाही घटलं नाही, तर पाया कायमचा खचतोय. ते दुखणं निराळं : जुनी विहीर बुजवलेली जागा, कचऱ्याची भर किंवा फुटलेली ड्रेनेज लाइन शोधायला हवी.

माती खरोखर किती फुगते ते बघायची एक सोपी कसोटी आहे. वाळवून बारीक चाळलेली माती दहा-दहा ग्रॅम दोन मापनपात्रांत घ्यायची, एकात पाणी आणि दुसऱ्यात रॉकेल शंभर मिलिलिटरपर्यंत भरायचं, आणि चोवीस तासांनी दोन्हीत माती किती मिलिलिटरवर बसलीय ते बघायचं. रॉकेलात ती फुगत नाही. पाण्यातलं माप रॉकेलातल्या मापाच्या दीडपटीहून जास्त भरलं, म्हणजे फुगवटा ५० टक्क्यांच्या पुढे, की सावध राहायचं. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या लॅबमध्ये हे थोड्या खर्चात होतं. मातीचा नमुना मात्र पायाच्या खोलीवरचा द्या, अंगणातला वरचा नको.

आता जमिनीचं काम, आणि हेच मुख्य काम. घराभोवती पाच फूट रुंदीचा पट्टा घ्या. त्यातली वरची दीड फूट काळी माती काढून टाका आणि तिथे मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत, पाणी शिंपडून, धुमसाने ठोकून भरा. वाळू किंवा खडी भरू नका. ती स्वस्तात मिळाली तरी नको. वाळूत पाणी साचतं, खाली काळी माती ते सोडत नाही, आणि पायाला लागून एक हौद तयार होतो. मुरूमही थोडा चिकण अंश असलेला, घट्ट बसणारा घ्या. त्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद आणि वर चार इंच काँक्रीट, बाहेरच्या बाजूला पाच फुटांत दीड इंच उतार देऊन. काँक्रीट भिंतीला जोडून टाकू नका. मध्ये अर्ध्या इंचाची फट ठेवून ती डांबराने भरा, कारण फरसबंदी आणि भिंत वेगवेगळ्या हलणार आहेत. दर सात-आठ फुटांवर आडवा सांधा ठेवा. गच्चीचे नळ या पट्ट्याच्या पलीकडे सोडा. मोरीचं चेंबर आणि शोषखड्डा भिंतीपासून जेवढा लांब नेता येईल तेवढा न्या. जोत्यालगतची फुलझाडांची वाफी काढून कुंड्या करा.

कुणी तुम्हाला सांगेल की उन्हाळ्यात कोपऱ्याला रोज पाणी पाजा. मी सांगणार नाही. एका जागी जास्त आणि दुसरीकडे कमी, अशा पाण्याने नवा तडा उघडतो.

तुम्ही लिहिलंय की त्या कोपऱ्यापासून आठ फुटांवर वास्तुशांतीच्या वर्षी लावलेला कडुलिंब आहे. आता तो घराहून उंच झालाय. ढोबळ नियम असा, की काळ्या मातीत झाड घरापासून निदान त्याच्या उंचीएवढं लांब असावं. पण म्हणून उद्या कुऱ्हाड घालू नका. मोठं झाड एकदम तोडलं तर ते जे पाणी ओढत होतं ते मातीत राहतं, माती फुगते, आणि खाली गेलेला कोपरा वर ढकलला जातो. फांद्यांचा भार दर वर्षी थोडा थोडा कमी करा, आणि झाड व भिंत यांच्यामध्ये, फरसबंदीच्या बाहेरच्या कडेला, पाच फूट खोल अरुंद चर घेऊन त्यात काँक्रीट भरा, म्हणजे मुळांना अडसर होईल. सावली जाईल याचं वाईट वाटतं हे मला कळतं. म्हणूनच सबंध झाड घालवायचा सल्ला देत नाही.

ठेकेदाराच्या कॉलमबद्दल. चार कोपऱ्यांत कॉलम टाकले तरी त्यांचे फुटिंग, म्हणजे पायाचे पसरट तळ, त्याच काळ्या मातीत, त्याच चार-साडेचार फुटांवर बसणार. माती त्यांनाही तशीच हलवेल, आणि शिवाय जुनी वीट व नवं काँक्रीट यांच्या सांध्यात उभी भेग पडेल ती वेगळीच. घर बांधतानाच मुरमापर्यंत गेलो असतो, किंवा रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठीच विकसित केलेले, बुडाशी फुगीर कंद असणारे अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, घेतले असते, तर हा प्रश्न आला नसता. खोल काळ्या मातीत ते निदान साडेतीन मीटर खाली नेतात, म्हणजे ऋतूंचा फरक पोचत नाही तिथे कंद रुततो. बांधलेल्या घराखाली हे करणं फार महाग पडतं आणि तुमच्या तीन मिलिमीटरच्या तड्याला त्याची गरज नाही.

भिंत शिवायची वेळ येईल ती फरसबंदीनंतरचा एक उन्हाळा मोजून झाल्यावर, दिवाळी ते संक्रांत या काळात. मेमध्ये तडा सगळ्यात रुंद असताना कडक माल भरला तर पावसाळ्यात भिंत मिटायला जाते आणि तो माल पाचरीसारखा विटा फोडतो. सप्टेंबरात मिटलेला असताना भरला तर आत काही जातच नाही. मधली रुंदी हवी.

त्या वेळी तड्याच्या दोन्ही बाजूंचा सहा-सहा इंच गिलावा काढा. फुटलेल्या विटा खालून वर, एका वेळी एकच, छिन्नीने हलकेच सोडवून बदला. नवी वीट पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत भिजवा, कोरडी वीट मालातलं पाणी पिऊन टाकते आणि सांधा भुसभुशीत राहतो. मग दर चार-पाच रद्द्यांआड आडवा सांधा दीड इंच खोल कोरा, तड्याच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट. धूळ ब्रशने काढा, पाण्याने धुवा, न आक्रसणारा ग्राउट, म्हणजे पोकळी भरायचा सिमेंटचा माल, भरा, त्यात सहा मिलिमीटरची स्टेनलेस स्टीलची पीळदार सळी दाबा आणि वरून दर्जा भरून घ्या, म्हणजे सांध्याचं तोंड मालाने बंद करा. गवंडी नेहमीची आठ मिलिमीटरची सळी वापरू म्हणेल. बारा मिलिमीटरच्या सांध्यात तिच्याभोवती माल राहत नाही, ती गंजते, आणि गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. तडा शिवायला घातलेली सळीच मग तडा पाडते. तड्याच्या उरलेल्या पोकळीत एक-दीड फुटावर छोट्या नळ्या बसवून, खालच्या नळीपासून सुरुवात करून, पातळ सिमेंट ग्राउट हलक्या दाबाने सोडा. वरच्या नळीतून आला की खालची बंद करायची. जोर लावू नका, जुनी भिंत आतून पोकळ असेल तर गिलावा फुगून सुटतो.

माल एकास सहा. एकास तीन म्हणजे मजबुती, ही समजूत मला रोज खोडावी लागते. सांधा विटेपेक्षा कमजोरच हवा, म्हणजे हालचाल झालीच तर सांधा थोडी जागा देईल आणि विटा शाबूत राहतील. गावातल्या जुन्या वाड्याची चुन्यातली भिंत असेल तर तिथे निव्वळ सिमेंट वापरूच नका, एक सिमेंट, एक चुना, सहा वाळू असा माल करा. गिलाव्याखाली गॅल्व्हनाइज्ड कोंबडी जाळी, तड्याच्या दोन्ही बाजूंना सहा इंच जाईल अशी, खिळ्यांनी ताणून. सात दिवस पाणी मारायचं. पुट्टी आणि रंग महिनाभराने.

स्लॅबखालची आडवी भेग ही उन्हाची आहे. काँक्रीटचा दहा मीटरचा स्लॅब तीस अंशांनी तापला की तीन मिलिमीटरहून थोडा जास्त वाढतो. खालची विटांची भिंत एवढी तापत नाही आणि तापली तरी काँक्रीटच्या निम्मीच वाढते. परभणीच्या मे महिन्यात हे दर दिवशी होतं आणि रात्री उलटं होतं. बांधताना भिंतीच्या माथ्यावर गुळगुळीत सिमेंटचा थर देऊन डांबरी कागद घातला असता तर स्लॅब सरकत राहिला असता. आता तो सरकणार हे मान्य करायचं : भेगेच्या जागी गिलाव्यात दहा मिलिमीटर रुंद सरळ खाच पाडून लवचिक पॉलियुरेथेन सिलंट भरा, पुट्टी नको. आणि गच्चीवर पांढरा चायना मोझॅक किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग द्या, म्हणजे मुळात वाढणंच कमी होईल. खोलीतला उकाडाही कमी होईल.

थांबायला वेळ नसतो अशा खुणाही सांगतो. ओळंबा लावून भिंत इंचभर बाहेर झुकलेली दिसली, भिंतीच्या मध्यावर आडवा तडा जाऊन पोट फुगलं, दोन भिंती कोपऱ्यात एकमेकींपासून उभ्या सुटल्या, किंवा रात्रीतून तड्याखाली ताजा चुरा पडलेला दिसला, तर त्या खोलीत झोपू नका. स्लॅबला खालून टेकू द्या आणि त्याच दिवशी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. कोपऱ्यात सुटलेल्या भिंतींबद्दल मी विशेष आग्रही आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती एकमेकींना बांधलेल्या नसल्यामुळे घरं माणसांवर आली, आणि लिंटेलच्या, म्हणजे खिडक्या-दारांवरच्या आडव्या तुळईच्या, पातळीला सलग काँक्रीटचा पट्टा का हवा हे मराठवाड्याने तेव्हा फार मोठी किंमत देऊन शिकलं. तुमच्या घरी लिंटेल फक्त खिडक्या-दारांपुरते आहेत की सलग, ते गिलावा काढताना बघून ठेवा.

भावाच्या मजल्याचं आत्ता काही ठरवू नका. फरसबंदी झाल्यावर दोन मे महिन्यांची मापं वहीत येऊ द्यात. मग नैर्ऋत्येच्या कोपऱ्याशी एक चाचणी खड्डा घ्या, पायाच्या तळापर्यंत, आणि तिथून पहारीने मुरूम किती खाली लागतो ते बघा. दोन-तीन फुटांत लागला तर पाया टप्प्याटप्प्याने, एका वेळी तीन-चार फूट लांबीचाच आणि एकाआड एक तुकडा घेऊन, मुरमापर्यंत नेता येतो. ते काम इंजिनिअरच्या आराखड्यानेच करायचं. मुरूम त्याहून खोल असेल तर वरचा मजला या भिंतींवर चढवू नका. जागा पुरत असेल तर अंगणाच्या दुसऱ्या बाजूला, पाइलवर, जुन्या घराला कुठेही न जोडता, भावासाठी वेगळं बांधा.